शीतगृहांत दिवे कोणते लावावेत ?

शीतगृह बांधावयाचें ठरलें म्हणजे भिंतींची जाडी, यंत्राची शक्ति व मालाची मांडणी यांविषयीं सभासद पुष्कळ चौकशी करितात. दिव्यांचा प्रश्न मात्र तारकाम करणारावर सोपविला जातो. ही उपेक्षा महाग पडते. बंद खोलींत दिव्यानें घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णता होऊन राहते, व ती बाहेर काढण्यास यंत्राला पुन्हां वीज लागते.

हिशेब करून पाहूं. चोकसह ५० वॅट घेणाऱ्या २० नळ्या १० तास जळल्या तर १० युनिट खर्च होतात. यंत्र १ युनिटांत २॥ युनिट उष्णता बाहेर काढीत असेल, तर त्यापायीं आणखी ४ युनिट लागतात, एकूण १४. त्याच जागीं २० वॅटचे एलईडी दिवे लावल्यास उजेडाला ४ व उष्णता काढण्यास १·६, मिळून ५·६ युनिटांत काम भागतें.

शिवाय नळीचा उजेड तींतील पाऱ्याच्या वाफेवर अवलंबून असतो. हवा २५ अंश सेल्सिअसच्या सुमारास असतां ती चांगली जळते. ० अंशाजवळ वाफ कमी होऊन नळी मंद होते व लुकलुकत पेटते. एलईडीस थंडी मानवते. मात्र त्याचा वीज-नियामक त्या तपमानास योग्य असल्याचें छापील माहितींत पाहून घ्यावें.

दुसरा शत्रु ओलावा. दिवा आयपी-६५ प्रतीचा, म्हणजे धूळ व पाण्याचा फवारा आंत न जाणारा असावा. त्याचें झांकण कांचेचें नसावें, कारण फुटलेली कांच मालांत मिसळते. तारेची नळी भिंतींतून आंत येते तेथें ती नीट बुजवावी. नाहीं तर बाहेरील दमट हवा नळींत शिरून तिचें पाणी होतें व तें दिव्यांत उतरतें.

बटाट्यास तर उजेडच बाधक आहे. प्रकाशांत राहिलेला बटाटा हिरवा पडतो, त्यांतील सोलॅनिन नांवाचें विष वाढतें व तो खाण्याच्या कामाचा राहत नाहीं. म्हणून प्रत्येक वाटेच्या दिव्यांस निराळें बटन ठेवून काम संपतांच ते बंद करावेत.

दाराजवळ मात्र वीज गेली तरी जळणारा एक दिवा व आंतून वाजवितां येणारी घंटा अवश्य असावी. माल नासला तर पुढील हंगामांत भरून निघेल. आंत अडकलेल्या मजुराच्या जिवाची भरपाई कोणत्याहि संस्थेस करितां येणार नाहीं.