विजयदुर्ग ते तेरेखोल : सायकलवरचे चार दिवस

डिसेंबर-जानेवारीत आपल्या किनाऱ्यावरून सायकलवाले जाताना तुम्ही पाहिले असतील. डोक्याला हेल्मेट, मागे पिशव्या. मुंबई-पुण्याहून निघून ते गोव्यापर्यंत जातात. विहिरीवर पाणी भरताना आपण त्यांच्याकडे बघतो आणि म्हणतो, "काय ह्यांका कामधंदो नाय?" आम्हीही तेच म्हणायचो. मग गेल्या हिवाळ्यात आमच्या बचत गटातल्या सात जणी स्वतःच निघालो. तो प्रवास कसा करायचा आणि त्याचा आपल्या गटांना काय उपयोग आहे, ते आज सांगणार आहोत.

आमच्यातल्या बहुतेकींनी शेवटची सायकल शाळेत असताना चालवली होती. लग्न झालं आणि सायकल सुटली. त्यामुळे आधी महिनाभर रोज सकाळी वाडीच्या रस्त्यावर सराव केला. सायकली मुलींच्याच घेतल्या. दोनच गिअरच्या होत्या. लोक विचारायचे, "काय गो, ह्या वयात खंय चल्लात?" आम्ही सांगायचो, "रेडीक."

वाट कशी आहे

आपल्या जिल्ह्याला सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा आहे. रस्ता खाड्यांना वळसे घालत जातो, त्यामुळे विजयदुर्गपासून तेरेखोलपर्यंत दीडशेच्या वर किलोमीटर होतात. किनारा म्हणजे सपाट, असं बाहेरच्यांना वाटतं. आपल्याला माहीत आहे की तसं नाही. खाडी आली की उतार, पूल, मग चढ, वर जांभ्याचा सडा, पुन्हा उतार आणि गाव. दिवसातून पाच-सहा वेळा हेच. म्हणून दिवसाला तीस ते पन्नास किलोमीटर पुरे.

वाट उत्तरेकडून दक्षिणेकडे धरा. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, तो हलका आणि गार. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि तो बहुधा वायव्येकडून येतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या तो पाठीशी राहतो. उलट दिशेने गेलात तर तोच वारा तोंडावर येतो आणि पाय भरून येतात. सकाळी उजाडताच निघायचं, अकराच्या आत मोठा पल्ला मारायचा, उरलेलं चारनंतर.

पहिल्या दिवशी सायकली टेम्पोत घालून विजयदुर्ग गाठलं आणि तिथून गिर्ये, पडेल करत देवगड. सड्यावर दोन्ही बाजूंना हापूसच्या बागा. दुसऱ्या दिवशी तारामुंबरी-मिठमुंबरीचा पूल ओलांडून कुणकेश्वर, मग मिठबाव, आचरा, कोळंब आणि मालवण. हा सगळ्यात लांबचा दिवस. संध्याकाळी मालवणच्या जेटीवर बसून समोर सिंधुदुर्ग किल्ला बघितला. १६६४ साली शिवाजी महाराजांनी त्याचं काम सुरू केलं. आमच्यातल्या दोघींनी जन्म मालवण तालुक्यात काढला, पण तिथे निवांत तासभर बसल्या त्या पहिल्यांदाच.

तिसऱ्या दिवशी तारकर्ली, देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. पुढे रस्ता संपतो. सायकली होडीत घालून पलीकडे उतरलो आणि भोगवे, परुळे, म्हापण, केळूस करत वेंगुर्ला गाठलं. चौथ्या दिवशी मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी. १९३० साली जिथे मिठाचा सत्याग्रह झाला, तेच हे शिरोडा. रेडीच्या पुढे तेरेखोलचा किल्ला. तो गोव्याच्या हद्दीत येतो. तिथे आम्ही थांबलो. पुढे जाणारे फेरीबोटीने केरीला उतरतात.

सायकल आणि शरीर

सीटची उंची आधी बघा. पेडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. सीट खाली असेल तर दुसऱ्या दिवशी गुडघे धरतात. चढावर गिअर नसेल तर उतरून सायकल ढकला, त्यात लाज नाही. आम्ही बहुतेक घाट्या चालतच चढलो. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत यायचं. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला तर माणूस पुढे फेकला जातो. रस्त्यावर जांभ्याची बारीक खडी असली तर वळणाआधीच वेग कमी करा. ओढणी कमरेला घट्ट बांधा आणि सलवारीच्या पायाला रबर लावा, म्हणजे कपडा चेनमध्ये जात नाही.

खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं. रोज संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने पुसून चेनला तेलाचे दोन थेंब द्यायचे. पंप, पंक्चरचं सामान आणि एक जादा ट्यूब गटात एक असली तरी चालते.

घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. मग पिंढऱ्यांत गोळे येतात. त्यावर आपल्याच घरात उपाय आहे. सकाळी उकड्या तांदळाची पेज मीठ घालून, वाटेत केळं, शेंगदाण्याचे लाडू, कोकम सरबतात चिमूटभर मीठ. तहान लागेपर्यंत थांबू नका, दर अर्ध्या तासाला चार घोट घ्या.

खरी अडचण

आता जे सांगायलाच हवं ते. पहिल्या दिवशी आम्ही पाणीच प्यायलो नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको. वाटेत जायला जागा कुठे? एका खानावळीत विचारलं तर "जेवणार असाल तरच" म्हणाले. आमच्यातल्या एकीची पाळी सुरू होती. ती दिवसभर काही न पिता सायकल मारत राहिली आणि संध्याकाळी देवगडात चक्कर येऊन खाली बसली. चढ आणि ऊन यांनी ती दमली नव्हती, तिला पाणी कमी पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठरवलं की खानावळी शोधायच्या नाहीत, बाईमाणूस दिसेल त्या घरी विचारायचं. कुणकेश्वरच्या पुढे अंगणात वाळवण घालत असलेल्या एका मावशींना विचारलं. त्यांनी संडास दाखवला, पाण्याचा तांब्या दिला आणि पडवीत बसवून घावणे खायला घातले. त्यांच्याही गावात बचत गट आहे. त्या म्हणाल्या, "आदी सांगलात असतात तर जेवण केलंय असतंय." त्या दिवसापासून आम्ही पोटभर पाणी प्यायलो.

तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ साली साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. तिथल्या बायका घोळक्याने शिकल्या, म्हणून कुणाला हसायला जागा उरली नाही. आपल्याकडेही एकटीने निघणं अवघड, पण वाटेवरच्या गटांनी एकमेकींना धरलं तर सोपं आहे.

आपल्या गटाने काय करायचं

किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात गटाने एक घर ठरवावं. तिथे चार गोष्टी हव्यात : स्वच्छ संडास, पिण्याचं पाणी, पडवीत सायकली ठेवायला जागा आणि हवा भरायचा पंप. बाहेर एक पाटी लावा. अशा घरांची यादी करून शेजारच्या गावातल्या गटाला द्या. आपल्या बायकांकडून संडासाचे पैसे घेऊ नका. सरबत, घावणे, जेवण यांचे योग्य दर लिहून लावा.

बाहेरचा सायकलवाला मोटारीसारखा भुर्रकन जात नाही. त्याला दर दहा-पंधरा किलोमीटरवर काहीतरी खायला लागतं. त्याची न्याहारी मात्र सहाला तयार हवी, नऊला नव्हे. मुक्कामाची सोय करायची असेल तर निवास-न्याहारी योजनेत घराची नोंदणी करता येते. राज्याच्या 'आई' या महिला पर्यटन धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा आहे. त्याच्या अटी पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात नीट विचारून घ्या आणि मगच कर्जाचा विचार करा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. त्यांनी सुरुवात केली तेव्हा बायका होडी वल्हवणार म्हणून लोकांना नवल वाटलं होतं.

आमच्या गटाने आमच्या गावातलं घर ठरवलं आहे. पाटीही लावली. पहिल्या महिन्यात पाटी वाचून थांबलेल्यांत जास्त करून आपल्याच बाजूच्या बायका होत्या : मासळी विकायला निघालेल्या, दवाखान्यात चाललेल्या, लेकीकडे निघालेल्या. सायकलवाल्यांसाठी केलेली सोय आधी त्यांच्या कामी आली.

तुमच्या गावातलं घर कुठलं, ते पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीत सांगा, आपण यादी पुढे जोडत जाऊ. आणि पडवीत मुलीची सायकल टेकून ठेवलेली असेल तर उद्या सकाळी तिच्यात हवा भरून बघा.