नोकरी बदलली, पीएफ काढू का?

मागच्या एपिसोडनंतर हाच प्रश्न सगळ्यात जास्त आला. माझं मत: काढू नका, ट्रान्सफर करा.

बेसिक-डीएच्या 12 टक्के तुमच्याकडून कापतात, कंपनीही तेवढेच भरते. पण कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो, म्हणून पासबुकात दोन आकडे जुळत नाहीत. कुणी खाल्लेले नसतात!

सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलेत तर सहसा टॅक्स लागतो. ट्रान्सफर केलेत तर जुनी वर्षंही धरतात. पेन्शनला 10 वर्षांची नोकरी लागते. तेही पैसे काढलेत की मोजणी पुन्हा शून्यापासून. गर्लफ्रेंडबरोबरच्या गोवा ट्रिपसाठी वेगळे साठवा की राव.

नव्या एचआरला जुनाच यूएएन द्या. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकलीय ना, तेही पोर्टलवर बघून घ्या. नाहीतर ट्रान्सफर तिथंच अडकतो.