कॉम्प्युटरची जागा आणि शाळेचं जनरल रजिस्टर

इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप फेऱ्यांचे फॉर्म भरायला सुरुवात झाली की म्हसळा तालुक्यातल्या घरांतही पसंतीक्रमात पहिली शाखा एकच असते, कॉम्प्युटर. तंत्रशिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीईने 2024-25 पासून चांगल्या कॉलेजांसाठी शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली, तेव्हापासून तर जागांचीच चर्चा. लांब जायलाच हवं असंही नाही. शेजारच्या माणगाव तालुक्यात लोणेऱ्याला 1989च्या कायद्याने उभं राहिलेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे.

पालक विचारतात, लॅपटॉप कोणता घ्यायचा? मला वाटतं, आधी विचारावं की पोराला गणित आवडतं का. प्रवेशाच्या सीईटीत 200 गुणांपैकी 100 गणिताचे असतात, आणि कॉम्प्युटर हा विषय मुळात गणिताचाच आहे.

कसा, ते प्रवेशासाठी दाखला काढायला शाळेत जाल तेव्हा नीट बघा. क्लार्क रजिस्टर नंबर विचारतो. नंबर ठाऊक असेल तर तो जाडजूड जनरल रजिस्टर मधोमध उघडतो. हवा तो नंबर पुढे असेल तर मागची अर्धी पानं बाद, मागे असेल तर पुढची. उरलेल्यात पुन्हा तेच. 1,000 नोंदींत फार तर 10 वेळा बघावं लागतं. नोंदी 10 लाख असल्या तरी 20 वेळाच! पण नुसतं नाव सांगितलंत, तर पानामागून पान, कारण नोंदी प्रवेशाच्या क्रमाने आहेत, नावाच्या नाही.

या हिशेबाला अल्गोरिदम म्हणतात. यात यंत्र कुठेच नाही. कॉलेजात शिकवलेली प्रोग्रामिंगची भाषा पुढे जुनी होऊ शकते, हा हिशेब होणार नाही. तो मराठीतही चोख शिकवता येतो. पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगने 2021मध्ये मराठीतून कॉम्प्युटर शाखा सुरू केली, याचा मला म्हणूनच आनंद आहे. जागा वाढवणं सोपं आहे. तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात गणिताचा चांगला शिक्षक टिकवणं अवघड, आणि खरा पैसा तिथे खर्च व्हायला हवा.

परत त्या क्लार्ककडे. रोजच्या शोधाशोधीला कंटाळून त्याने समजा आडनावांची वेगळी वही केली, अक्षरवार, नावापुढे रजिस्टर नंबर. आता नाव सांगितलं तरी दाखला लगेच मिळेल. मात्र प्रत्येक नव्या मुलाची नोंद दोन ठिकाणी करावी लागेल, आणि आडनाव बदललं तर दोन्हीकडे. ही वही ठेवणं परवडतं का? शोध किती, नव्या नोंदी किती, यावर ते ठरतं. कॉम्प्युटर शाखेत डेटा स्ट्रक्चरच्या तासाला हाच प्रश्न सोडवायचा असतो.