पालिचा विद्यार्थी आणि चिनी भाषा

‘विमुत्तिमग्ग’ची संपूर्ण पालि संहिता आज उपलब्ध नाही, सहाव्या शतकात संघपालाने केलेला चिनी अनुवाद तेवढा टिकला. पुण्याच्या पु. वि. बापटांनी तो ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून १९३७ साली तौलनिक ग्रंथ सिद्ध केला. आपल्या उरणकडील मुलेमुली मात्र पालि घेऊन एम. ए. होतात व तेथेच थांबतात. जपान सरकारच्या संशोधन-शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क व निर्वाहभत्ता मिळतो. अर्ज दूतावासामार्फत करावयाचा असतो. वयाची अट मात्र पस्तिशीच्या आतली! ‘आधी नोकरी, मग पाहू’ म्हणणाऱ्यांना (प्रस्तुत लेखक त्यांपैकीच) ते दार बंद होते. म्हणून चिनी लिपीचा अभ्यास एम. ए.च्या पहिल्या वर्षीच आरंभावा. तैशो त्रिपिटकाची संहिता संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळते.