स्टेनलेस स्टीलचा छोटा जॉब

प्रयोगशाळेतील एखाद्या उपकरणाची पट्टी मोडते आणि तशी दुसरी बाजारात मिळत नाही. मग ती करून घ्यावी लागते. ६० मिमी लांब, ४० मिमी रुंद, ३ मिमी जाड आणि दोन भोके, काम एवढेच. पण साधे लोखंड सहज कापून देणारा कारागीर स्टेनलेस स्टीलचे नाव काढताच थबकतो. असे का होते ते पाहू या.

पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असले की त्याला स्टेनलेस म्हणतात. नेहमीच्या ३०४ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ थर बनतो. तो ओरखडला तरी पुन्हा तयार होतो, म्हणून गंज चढत नाही. निकेलमुळे अणूंची मांडणी साध्या लोखंडापेक्षा वेगळी राहते आणि धातू चिवट होतो.

अडचण येथेच आहे. या धातूवर दाब पडला की तेवढा भाग अधिक कठीण होतो. ड्रिल बोथट असेल किंवा भीतभीत हलके टेकवले तर ते कापत नाही, नुसते घासते. घासलेली जागा कडक होते आणि पुढे ड्रिलच जळते. शिवाय ३०४ ची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते. त्यामुळे उष्णता धातूत पसरत नाही, हत्याराच्या टोकाशीच साचते. उपाय ठरलेला आहे : धारदार ड्रिल, फेरे कमी, दाब ठाम व सलग, आणि भरपूर कूलंट.

हा बदल वर्गातही पाहता येतो. ज्या भांड्याच्या सपाट तळाला चुंबक चिकटत नाही, त्याच्या वळवलेल्या काठाला पुष्कळदा किंचित चिकटतो. तेथे अणूंची मांडणी बदललेली असते.

अशी कामे करून घेण्यास छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) सोयीचे आहे. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. वाळूज व चिकलठाणा वसाहतींत सुटे भाग करणारी लहान वर्कशॉप आहेत. चिकलठाण्यात केंद्र शासनाचे, जर्मन सहकार्याने उभे राहिलेले इंडो-जर्मन टूल रूम आहे. तेथे साचे बनविणे व तंत्रप्रशिक्षण ही कामे चालतात.

आपल्या पट्टीसाठी लेझर कटिंग बरे. प्रकाशझोताने धातू वितळतो आणि नायट्रोजनचा झोत तो उडवून देतो. नायट्रोजनमुळे कडा काळी पडत नाही. फार अचूक आकार हवा असेल तर वायरकट. त्यात साधारण ०.२५ मिमी जाडीची पितळी तार शुद्ध केलेल्या पाण्यात धातूला न टेकता ठिणग्यांनी कापते. दाबच नसल्यामुळे धातू कडक होण्याचा प्रश्न येत नाही, मात्र वेळ फार लागतो. गोल दांड्यासाठी लेथ आहेच.

वर्कशॉपमध्ये जाताना मोडका तुकडा न्यावा, पण त्यावर विसंबू नये. मोजमापांचे चित्र काढावे. सर्व मापे एकाच कडेपासून व मिमीमध्ये द्यावीत. धातूची प्रत व जाडी लिहावी. ४ मिमीच्या स्क्रूसाठी भोक ४.५ मिमी ठेवावे. चुकीची मुभाही लिहावी : बाहेरच्या कडेला ०.२ मिमी कमीअधिक चालत असेल तर तेथे ०.०२ मागू नये. जितकी मुभा कमी, तितका वेळ आणि पैसा जास्त. कडेची धार काढून द्या, हेही सांगावे.

खर्चाचे गणित विद्यार्थ्यांना घालावे. पट्टीचे आकारमान ७.२ घनसेंमी, घनता सुमारे ८ धरली तर वजन ५८ ग्रॅमच्या आत. धातूची किंमत अगदी थोडी. पैसे पडतात ते मुख्यतः मशीनच्या सेटिंगचे. ते एका नगाला लागते तेवढेच दहा नगांना लागते. म्हणून जवळच्या चार-पाच शाळांनी मिळून जॉब दिला तर प्रत्येकीला तो स्वस्त पडेल.