एकाच बर्फाखालचे दोघे

मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात काचेपुढे मी बराच वेळ उभी होते, तेव्हा कुठे तो शेवाळातून बाहेर आला. अंगठ्याच्या पेराएवढा, काळ्याभोर अंगावर भंडाऱ्यासारखे पिवळेधमक पट्टे. दक्षिणी कोरोबरी बेडूक. माझी लेक "केवढासा गं!" म्हणाली आणि पॉसम कुठे आहे ते विचारू लागली.

तिचं चुकलं नाही. डोंगरी पिग्मी पॉसम आहेच तसा लोभस. कांगारूसारखा पिशवीत पिल्लं वाढवणारा, पण वजन जेमतेम ४५ ग्रॅम. शास्त्रज्ञांना आधी त्याचे जीवाश्मच ठाऊक होते. १९६६ साली माउंट हॉथमवरच्या एका स्की-झोपडीत तो जिवंत सापडला. कोशियुस्कोच्या डोंगरांत हे दोघे शेजारी आहेत. पॉसम दगडांच्या राशीत बर्फाच्या जाड पांघरुणाखाली महिनोन्‌महिने झोपतो, तर बेडकाचे डिंभक बर्फाने झाकलेल्या डबक्यांत हिवाळा काढतात.

पॉसमची दुखणी गंभीर आहेत, पण माणसाला त्यांवर काही करता येतं. हॉथमवर रस्त्याने त्यांची वाट तोडली, तेव्हा रस्त्याखालून दगड भरलेला बोगदा काढून दिला आणि पॉसम त्यातून ये-जा करू लागले. दुष्काळात मैदानांतून येणारे बोगाँग पतंग घटले आणि उपाशी माद्यांची पिशवीतली पिल्लं दगावली. २०१९-२० च्या वणव्यांनंतर त्यांच्यासाठी खास बिस्किटं डोंगरावर नेली. मांजरं-कोल्हे आवरता येतात.

बेडकाचं तसं नाही, आणि माझा जीव अडकतो तो इथेच. त्याला मारते ती कायट्रिड नावाची बुरशी. बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार घेतो. ही बुरशी नेमकी कातडीतच वाढते, क्षारांचा तोल बिघडतो आणि शेवटी हृदय थांबतं. एरवी रोगी संपत आले की साथही ओसरते. इथे ती ओसरत नाही, कारण त्याच पाणथळीत क्रिनिया नावाचा एक साधा, तपकिरी बेडूक राहतो. तो बुरशी अंगावर वागवतो आणि मरत मात्र नाही. म्हणजे शेवटचा कोरोबरी गेला तरी बुरशी तिथे टिकून राहील. कोरोबरीची मादी जेमतेम दोन-तीन डझन अंडी घालते, वयात यायलाच तिला चारेक वर्षं लागतात. एवढ्या संथ चालीने साथीपुढे टिकाव कसा लागावा? रानात आता मूठभरच उरले आहेत.

पैसा थोडा असेल तर आधी कुणाला, असं मला कुणी विचारलं तर मी बेडूक म्हणेन. पॉसमला निदान डोंगर तरी उरला आहे. बेडकासाठी मेलबर्न आणि सिडनीच्या प्राणिसंग्रहालयांत पिढ्या वाढवतात आणि डोंगरावर कुंपणं घालून त्यांत सोडतात. कुंपण असं की क्रिनिया आत येऊ नये.

जानेवारीत त्या कुंपणाआड नर शेवाळात घरटं करून मादीला साद घालतो. पलीकडच्या डबक्यात क्रिनिया ओरडत असतो.