‘पैसे आले का?’ किती वेळा विचारायचं

१२ एप्रिल २०२५. शनिवार, त्यातच हनुमान जयंती. देवळांबाहेर नारळ आणि रुईच्या माळांची दुकानं लागलेली, आणि देशभर गिऱ्हाइकांचे मोबाइल अडकलेले. क्यूआर स्कॅन होत होता, पिन टाकला जात होता, पुढे मात्र पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं. काही तास यूपीआयला धाप लागली.

त्या दिवशी कोणी यंत्रणेवर हल्ला केला नव्हता. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या मुंबईतल्या संस्थेनं कारण शोधलं, तेव्हा आढळला प्रश्नांचा लोंढा. ‘हा व्यवहार पूर्ण झाला का?’ असं काही बँकांकडून पुन्हा पुन्हा विचारलं जात होतं, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलही. पैशांपेक्षा पैशांच्या चौकशीनंच रस्ता अडवला होता.

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात टपरीवर चहाचे वीस रुपये स्कॅन करून दिले, तर ते समोरच्या फोनमध्ये थेट जात नाहीत. ॲपकडून निरोप त्या ॲपच्या बँकेकडे जातो, तिथून एनपीसीआयकडे, मग गिऱ्हाइकाच्या बँकेकडे. ती बँक पिन तपासून रक्कम वजा करते. निरोप परत एनपीसीआयकडे, तिथून टपरीवाल्याच्या बँकेकडे, आणि जमा झाल्याचं उत्तर उलट्या वाटेनं माघारी. हे सगळं काही सेकंदांत. ऑगस्ट २०२५मध्ये असे व्यवहार पहिल्यांदाच महिन्याला २,००० कोटींच्या वर गेले. सरासरी काढली तर सेकंदाला सुमारे साडेसात हजार. पण लोक सरासरीनं चहा पीत नाहीत. सकाळ-संध्याकाळ गर्दी उसळते, पहाटे तीनला शुकशुकाट असतो.

एवढा भार पेलणारा एकच अवाढव्य संगणक कुठेतरी असेल, असं वाटणं साहजिक आहे. तसा तो नाही. लोकांच्या खात्यातली शिल्लक एनपीसीआयकडे नसतेच. ती ज्याच्या त्याच्या बँकेच्या वहीत. खर्ड्याला हे समजवायला फार लांब जायला नको. ११ मार्च १७९५ला इथे निजामाविरुद्ध उभ्या राहिलेल्या मराठी सैन्यात शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन होते. प्रत्येकाची फौज वेगळी, खजिना वेगळा, मोहीम एक. काम असं वाटून घेतलं की ताकद वाढते, पण सगळी मदार निरोपांवर येते.

आणि निरोप हरवतात.

रक्कम वजा करायला सांगितलं आणि उत्तर आलंच नाही, तर काय समजायचं? निरोप पोचलाच नाही, की काम झालं आणि उत्तर वाटेत राहिलं? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तोच हुकूम पुन्हा पाठवावा, तर वीसचे चाळीस कापले जाण्याची भीती. म्हणून प्रत्येक व्यवहाराला एकमेव क्रमांक असतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर पैसे पुन्हा कापायचे नाहीत. इकडे वजा झाले आणि तिकडे जमा झालेच नाहीत, तर ते आपोआप परत आले पाहिजेत. रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम तर उशिराबद्दल दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायला लावतो. हा नियम गावोगावी फार थोड्यांना ठाऊक आहे. तो बँकेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लागायला हवा.

एप्रिलमधला घोळ याच अनिश्चिततेतून झाला. उत्तर यायला उशीर झाला म्हणून एकानं आणखी तीनदा विचारलं, की एका व्यवहाराचे चार निरोप होतात, आणि तेही यंत्रणा आधीच थकलेली असताना. उत्तरं आणखी लांबतात, विचारणा आणखी वाढतात. इथे नवीन यंत्रं आणून भागत नाही, विचारणाऱ्यालाच आवर घालावा लागतो. १ ऑगस्ट २०२५पासून तसे नियम आले. अडकलेल्या व्यवहाराची चौकशी जास्तीत जास्त तीनदा, दोन चौकश्यांमध्ये किमान ९० सेकंद. एका ॲपमधून शिल्लक दिवसाला ५० वेळाच पाहता येते. हप्ते, वर्गणी अशा आपोआप होणाऱ्या कपाती सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते साडेनऊ या गर्दीच्या वेळा सोडून.

भार कमी करायची दुसरी वाट त्याआधीच, सप्टेंबर २०२२मध्ये, निघाली होती: यूपीआय लाइट. थोडी रक्कम फोनवरच्या पाकिटात काढून ठेवायची आणि किरकोळ खर्च पिनशिवाय तिथून करायचा. चहाच्या वीस रुपयांसाठी गिऱ्हाइकाच्या बँकेची मुख्य वही दरवेळी उघडावी लागत नाही.

टपरीवरचा, पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबाही याच जाळ्यातला, पण त्याचं सिमकार्ड वेगळं आणि निरोपाची वाटही वेगळी. खर्ड्यात रेंज गेली तर पैसे जमा होऊनही तो गप्प राहू शकतो. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या पडद्याकडे बघून भागत नाही, कारण तसं चित्र खोटंही बनवता येतं. टपरीवाल्यानं स्वतःच्या खात्यातली नोंद उघडून तिथला बारा आकडी संदर्भ क्रमांक गिऱ्हाइकाच्या क्रमांकाशी ताडून पाहायचा.